चेसचं कार्ड हवंय? आधी ५/२४ मोजा

अमेरिकेत आल्यावर पहिल्या दोन वर्षांत आपल्याकडे साधारण असंच होतं, कोणीतरी सांगितलं म्हणून डिस्कव्हरचं क्रेडिट कार्ड घेतलं, कॉस्कोची मेंबरशिप घेतली तसं त्यांचं कार्ड घेतलं, दुकानाच्या काउंटरवर आजच्या बिलावर सूट देतायत म्हणून अजून एक. मग क्रेडिट स्कोअर ७६० च्या वर गेला की लोकं चेस बँकेच्या सफायर कार्डाला अप्लाय करतात आणि नकार येतो. पगार चांगला, एकही पेमेंट चुकलेलं नाही, तरी नकार का? तर ५/२४.

हा नियम चेस कुठे छापत नाही पण पाळते. मागच्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकेची मिळून ५ किंवा जास्त पर्सनल कार्डं उघडली असतील तर चेस सहसा नवीन कार्ड देत नाही. कुठल्याही बँकेची, हे नीट वाचा, कारण बऱ्याच जणांना वाटतं फक्त चेसचीच मोजतात. मधे कार्ड बंद केलं तरी ते मोजलं जातं, त्यामुळे अप्लाय करायच्या आधी धडाधड जुनी कार्डं बंद करण्यात काही अर्थ नाही, उलट एकूण क्रेडिट लिमिट कमी होऊन स्कोअर पडतो. नकार आलेले अर्ज मात्र मोजत नाहीत, क्रेडिट रिपोर्टवर हार्ड इन्क्वायरी, म्हणजे बँकेने रिपोर्ट तपासल्याची नोंद, दिसते तेवढीच.

मोजायचं कसं? एक्सपेरियन या क्रेडिट ब्यूरोच्या (क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपनीच्या) फ्री अॅपमध्ये अकाउंट्स उघडा, प्रत्येक कार्डाची ओपन डेट बघा, बंद झालेली कार्डं खाली वेगळी असतात तीपण बघा, आणि एका कागदावर उतरवा. आठवणीवर जाऊ नका. समजा डिसेंबर २०२५ मध्ये कागदावर हे आलं: डिस्कव्हर १४ जानेवारी २०२४, सिटी डबल कॅश ३ जून २०२४, कॅपिटल वन २० नोव्हेंबर २०२४, नवऱ्याच्या कॉस्को कार्डावर ऑथोराइज्ड युजर (म्हणजे कार्ड त्याचं, त्यावर वापरायला आपलंही नाव) ९ मार्च २०२५, अॅमेक्स ब्लू कॅश २२ ऑगस्ट २०२५. झाले पाच, दार बंद. डिस्कव्हरला १४ जानेवारी २०२६ ला दोन वर्षं होतात पण १५ तारखेला घाई नको, पुढच्या महिन्याची १ तारीख उजाडू द्या, म्हणजे १ फेब्रुवारी. तेव्हा चार उरतात आणि एक जागा मिळते. ती चेसवर वापरली की परत पाच, मग डबल कॅश गळेपर्यंत, म्हणजे १ जुलैपर्यंत, चेसकडे बघायचं नाही.

आता त्या कॉस्कोच्या कार्डाबद्दल, कारण आपल्या घरांत गडबड इथेच होते. नवीन आलेल्या बायकोची क्रेडिट हिस्टरी तयार व्हावी म्हणून नवरा तिला आपल्या चारही कार्डांवर ऑथोराइज्ड युजर करतो, आणि ती चारही तिच्या रिपोर्टवर येऊन मोजली जातात! एका जुन्या कार्डावर नाव घातलं तरी हिस्टरी सुरू होते, बास झालं. नंतर तिने स्वतःची कार्डं काढावी, नवऱ्याने रेफरल लिंक द्यावी, त्याला रेफरलचे पॉइंट आणि तिला साइनअप बोनस, म्हणजे नवीन कार्डावर मिळणारे जास्तीचे पॉइंट.

क्रमाचं म्हणाल तर चेस आधी, बाकीचे नंतर, कारण बाकीच्यांचे नियम इतके कडक नाहीत. सिटी ८ दिवसांत एक आणि ६५ दिवसांत दोन कार्डं देते. बँक ऑफ अमेरिका स्वतःची कार्डं मोजते, २ महिन्यांत दोन, १२ मध्ये तीन, २४ मध्ये चार. कॅपिटल वन साधारण सहा महिन्यांत एक देते आणि तिन्ही ब्यूरोंकडून रिपोर्ट ओढते, म्हणून मी ते शेवटी ठेवेन. अॅमेक्सचा बोनस एका कार्डावर आयुष्यात एकदाच, त्यामुळे तिथे ऑफर मोठी असेल तेव्हाच हात घाला.

जागा मोकळी झाली म्हणून त्याच दिवशी अप्लाय करा असंही नाही. बोनससाठी पहिल्या तीन महिन्यांत ठराविक खर्च करावा लागतो, तर उन्हाळ्यात मुंबईची चार तिकिटं काढायची असतील तर त्याच्या दोन-तीन आठवडे आधी कार्ड घ्या, खर्च आपोआप भरतो. आणि सहा-आठ महिन्यांत घराचं लोन काढायचं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, बोनसपेक्षा व्याजाचा दर महत्त्वाचा.

चेस आणि अॅमेक्सची बिझनेस कार्डं पर्सनल रिपोर्टवर येत नाहीत म्हणून ५/२४ मध्ये धरत नाहीत, यूट्यूबवाले हेच सांगत असतात. पण तुम्ही एच१बी वर असाल आणि धंदा नसेल तर खोटा धंदा लिहून अर्ज भरू नका, व्हिसाच्या भानगडीपुढे पॉइंटची काय किंमत.

तरी नकार आलाच तर आठ-दहा दिवसांत पत्र येतं, त्यात कारण लिहिलेलं असतं. दोन वर्षांत जास्त अकाउंट उघडली असं असेल आणि त्यातलं एखादं ऑथोराइज्ड युजरचं असेल तर रिकन्सिडरेशनला, म्हणजे चेसच्या अर्ज परत तपासणाऱ्या विभागाला, फोन करा, हे कार्ड माझं नाही, बिल मी भरत नाही, ते सोडून मोजा असं सांगा, बरेचदा ऐकतात. पाचही स्वतःची असतील तर फोन करून वेळ घालवू नका, कागदावर पुढचं कार्ड कधी गळतंय ते बघा आणि त्याच्या पुढच्या महिन्याच्या १ तारखेचा रिमाइंडर लावा.