जुना व्हिडिओ गेम चालू ठेवणाऱ्या स्वयंसेवकांना सोलापुरातून आर्थिक मदत कशी करावी

ख्रिस सॉयर यांचा 'ट्रान्सपोर्ट टायकून' हा वाहतुकीचा खेळ १९९४ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याची 'डिलक्स' आवृत्ती निघाली. तो डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या काळातला खेळ असल्याने आजच्या संगणकावर सहजासहजी चालत नाही. तरीही मध्य रेल्वेचे विभागीय कार्यालय असलेल्या आपल्या सोलापुरात बसून कोणालाही रूळ टाकता येतात, सिग्नल लावता येतात आणि मालगाड्या सोडता येतात, कारण २००४ पासून स्वयंसेवकांनी तो 'ओपनटीटीडी' या नावाने नव्याने लिहिला आणि आजवर अद्ययावत ठेवला. ही मंडळी नोकरीधंदा सांभाळून, पगाराविना हे काम करतात. आपल्याला खेळ फुकट मिळतो, पण तो मिळत राहावा यासाठी कोणाचा तरी खर्च होत असतो. त्यातला वाटा उचलणे हे खेळणाऱ्यांचे कर्तव्य आहे असे मी मानतो. ते नीट पार पाडण्याची रीत पुढे दिली आहे.

पहिली पायरी म्हणजे पैसा कशासाठी लागतो हे समजून घेणे. संकेतस्थळ, डाउनलोडचा सर्व्हर, ऑनलाइन खेळणाऱ्यांना एकमेकांशी जोडणारा सर्व्हर आणि प्रत्येक नवी आवृत्ती तयार करणारी यंत्रे हे नेहमीचे खर्च आहेत. मॅक संगणकावर खेळ विनाअडथळा उघडायचा असेल तर ॲपलच्या डेव्हलपर योजनेचे वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात आणि विंडोजवर धोक्याची सूचना दिसू नये यासाठी खेळ खरोखर याच मंडळींनी दिला आहे हे दाखवणारे डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते. माणसांच्या वेळेचे मोल बहुधा या हिशेबात धरलेलेच नसते.

दुसरी पायरी कायद्याची आहे आणि ती गाळू नये. 'डूम' हा १९९३ सालचा खेळ. त्याचा सोर्स कोड, म्हणजे खेळ ज्यातून तयार होतो तो प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, तो बनवणाऱ्या कंपनीने १९९७ मध्ये स्वतःच खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या, कोणालाही कोड वापरू, बदलू आणि वाटू देणाऱ्या परवान्याखाली आणला. अशा खेळावर काम करणाऱ्यांची बाजू भक्कम असते. याउलट 'जीटीए ३' आणि 'व्हाइस सिटी' या खेळांचा कोड उलगडून पुन्हा लिहिणाऱ्या स्वयंसेवकांवर त्यांची मालक असलेल्या टेक-टू कंपनीने २०२१ साली अमेरिकेत दावा दाखल केला. कोड खुला असला तरी चित्रे, ध्वनी आणि संगीत यांचे हक्क मूळ मालकाकडेच राहू शकतात, हेही ध्यानात ठेवावे. ओपनटीटीडीच्या स्वयंसेवकांनी ही अडचण जाणून स्वतःची चित्रे व ध्वनी तयार केले. म्हणूनच २०१० मध्ये आलेली १.० आवृत्ती मूळ खेळाच्या फाइलींशिवाय चालू शकली. प्रकल्पाच्या पानावर परवान्याचे नाव स्पष्ट लिहिलेले नसेल, किंवा मूळ खेळाच्या फाइली सोबत वाटल्या जात असतील, तर तेथे पैसे पाठवू नयेत.

त्यानंतर खाते शोधावे. देणगीचा दुवा प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उघडावा. समाजमाध्यमावर कोणी पाठवलेला दुवा कितीही खरा वाटला तरी वापरू नये. पैसे एका व्यक्तीला मिळणार की प्रकल्पाला, हे तेथेच वाचावे. ओपन कलेक्टिव्ह या देणग्या स्वीकारणाऱ्या संकेतस्थळावर जमा आणि खर्च कोणालाही पाहता येतो, म्हणून माझा कल तिकडे आहे. प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या स्पॉन्सर्स या देणगी सेवेवर वैयक्तिक खात्यावरून दिलेल्या रकमेतून गिटहब काही कापून घेत नाही. अशाच सेवांपैकी लिबरापेही स्वतःचा वाटा घेत नाही, पेट्रिऑन घेते.

मदत एकरकमी द्यावी की दरमहा? '० ए. डी.' हा जुना खेळ नव्हे, पण तोही स्वयंसेवकांनीच घडवलेला आहे. त्यांनी २०१३ साली इंडिगोगो या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १,६०,००० डॉलरचे लक्ष्य ठेवून मोहीम काढली आणि सुमारे ३३,००० डॉलर जमले. मोठ्या मोहिमेत असा अंदाज चुकू शकतो. देखभालीचा खर्च मात्र वर्षानुवर्षे येतच राहतो, म्हणून लहान पण नियमित रक्कम अधिक उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष पैसे पाठवण्याकडे वळू, कारण बहुतेकांचे घोडे येथेच अडते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० सालच्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठी सुरू करून दिले जाते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार आपण चालू करावेत, त्यांची मर्यादा देणगीपुरतीच ठेवावी आणि रक्कम एकदाच द्यायची असेल तर पैसे गेल्यावर ती सोय पुन्हा बंद करावी. दरमहा आपोआप पैसे कापले जाण्यासाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून बँकेकडे आधी संमती नोंदवावी लागते आणि प्रत्येक वेळी किमान २४ तास अगोदर सूचना येते. काही परदेशी व्यासपीठांवर ही व्यवस्था चालत नाही आणि दरमहाचा व्यवहार परत येतो. तसे झाल्यास वर्षाची रक्कम एकदम द्यावी. डॉलरमध्ये रूपांतर करताना बँक आपले शुल्क लावते आणि त्या शुल्कावर जीएसटी असतो. शिवाय पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांचे प्रत्येक व्यवहारामागे ठरावीक शुल्कही असू शकते. त्यामुळे एकट्याने पाठवलेल्या शंभर रुपयांपैकी बरेच वाटेतच संपतात.

यावर उपाय म्हणजे आपल्या नव्या पेठेपासून विजापूर रस्त्यापर्यंत सर्वांच्या परिचयाच्या भिशीसारखा गट. आठ-दहा ओळखीच्या खेळाडूंनी दरमहा पन्नास किंवा शंभर रुपये यूपीआयने एकाकडे जमा करावेत आणि त्याने वर्षातून एकदा, उदाहरणार्थ गड्डा यात्रेच्या सुमारास, सर्वांची रक्कम एकत्र पाठवावी. येथे कोणाचाही नंबर लागत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. तारीख, नाव, रक्कम, त्या दिवशीचा डॉलरचा दर, बँकेने कापलेले शुल्क आणि पावतीचे छायाचित्र अशी वही सर्वांना दिसेल अशी ठेवावी. प्रकल्पाची लेखी परवानगी नसताना त्याच्या नावाने अनोळखी लोकांकडून वर्गणी मात्र गोळा करू नये. परदेशी प्रकल्पाला दिलेल्या देणगीवर कलम ८०जीची करसवलत मिळत नाही, हेही गटाला आधी सांगावे.

देणगीसोबत दोन ओळी लिहिण्याची सोय असते. तेथे आभार मानावेत आणि कोणतीही मागणी करू नये. पैसे दिले म्हणून अमुक इंजिन किंवा तमुक सोय पुढच्या आवृत्तीत हवी, असा आग्रह स्वयंसेवकाला नकोसा होतो आणि अनेकदा तो काम सोडण्याचे कारण ठरतो. ज्या विद्यार्थ्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी मराठी भाषांतर करावे, किंवा जुन्या संगणकावर नवी आवृत्ती चालवून आढळलेल्या चुका नीट नोंदवून पाठवाव्यात.

वर्ष सरल्यावर पुन्हा रक्कम पाठवण्याआधी प्रकल्पाचा जमाखर्च वाचावा आणि नवी आवृत्ती निघाली आहे का ते पाहावे. काम थांबले असेल किंवा देणगी घेणे बंद केल्याचे जाहीर झाले असेल, तर बँकेच्या ॲपमधून दरमहाची संमती रद्द करावी आणि गटाकडे उरलेली रक्कम दुसऱ्या कोणत्या खेळासाठी द्यायची, हे सर्वांच्या संमतीने ठरवावे.