ग्रंथालयात नवीन आलेलं पदरात कसं पाडून घ्यायचं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी संदर्भ विभागाच्या टेबलाशी बसते. सत्र सुरू झालं की फलकावर ‘नवीन’ असं लिहिलेल्या चार-पाच चिठ्ठ्या लागतात: नवा डेटाबेस (लेख-पुस्तकांचा ऑनलाइन संग्रह), नवी गटचर्चा खोली, नवी कार्यशाळा. मुलं उभ्या उभ्या वाचतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि जातात. तो फोटो पुन्हा कोणी उघडत असेल असं मला वाटत नाही.

म्हणून आधी एवढं करा. फलकाकडे येण्यापूर्वी आपलं चालू काम एका वाक्यात लिहा. ‘शेतीवर काहीतरी’ असं नको. ‘ठिबक सिंचनामुळे छोट्या शेतकऱ्याचा मजुरीवरचा खर्च कमी होतो का’ असं लिहा. हे वाक्य हातात असलं की नव्या गोष्टींपैकी तुमच्या उपयोगाच्या कोणत्या आणि सोडून द्यायच्या कोणत्या, ते आपोआप दिसतं. ग्रंथालयाची सहल काढायला निघालात तर पाय दुखतील, हाती काही लागणार नाही.

चाचणीवर आलेले डेटाबेस आधी उघडा

नव्या गोष्टींत सगळ्यात लवकर नाहीसा होतो तो चाचणीवर आलेला डेटाबेस. प्रकाशक थोड्या दिवसांसाठी तो फुकट उघडून देतात. मुदत संपली की दार बंद. पुढे वर्गणी भरायची की नाही हे ठरवताना समितीपुढे वापराचे आकडे जातात. हे आकडे वाटेल तसे मोजलेले नसतात. २००२ साली सुरू झालेल्या ‘काउंटर’ नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने त्यासाठी सामाईक पद्धत ठरवून दिली आहे, त्यामुळे दोन वेगळ्या प्रकाशकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. (आमच्या देवघेवीच्या काउंटरचा याच्याशी संबंध नाही. तिथे जाऊन विचारलंत तर गोंधळ होईल.)

यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. एखादा लेख उघडायला गेलात आणि ‘तुमच्या संस्थेला परवानगी नाही’ अशी पाटी आली, तर त्या नकाराचीही नोंद होते. एकाच नियतकालिकावर नकारांचा ढीग साचला की ते आम्हाला अहवालात दिसतं आणि मागणीला वजन येतं. तेव्हा पाटी दिसली म्हणून मनातल्या मनात चरफडू नका. संस्थेच्या लॉगिनमधून क्लिक करा, मग आमच्याकडे या.

लॉगिनबद्दलही सांगून टाकते, कारण घरून काम करणारे इथेच अडकतात. सर्च इंजिनातून थेट प्रकाशकाच्या पानावर गेलात तर तुम्ही कोण हे त्या पानाला कळत नाही आणि ते पैसे मागतं. पैसे भरू नका. ग्रंथालयाच्या पानावरून आत शिरा, म्हणजे तोच लेख उघडेल. गुगल स्कॉलर वापरत असाल तर त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘लायब्ररी लिंक्स’ असा भाग आहे, तिथे आपल्या विद्यापीठाचं नाव जोडा. ग्रंथालयाने ती सोय चालू केलेली असेल तर निकालाच्या उजवीकडे आपल्या ग्रंथालयाचा दुवा दिसू लागतो. जोडीला ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाकून ठेवा. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे उपलब्ध असेल तर ते कुलपाचं हिरवं चिन्ह दाखवतं. एवढं करूनही लेख मिळाला नाही तर आंतरग्रंथालयीन देवघेवीचा, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून मागवण्याचा, अर्ज भरा. अख्ख्या पुस्तकाला वेळ लागतो. लेखाची किंवा एखाद्या प्रकरणाची स्कॅन प्रत मात्र बरीच लवकर येते, म्हणून पुस्तक मागण्याआधी आपल्याला त्यातलं नेमकं प्रकरण कोणतं हवंय ते बघा.

कॅटलॉग: इथे थोडं थांबा

नव्या पुस्तकांच्या मांडणीवर जे दिसतं ते आलेल्या पुस्तकांपैकी थोडंच असतं. बाकीची आतल्या खोलीत असतात, दाखलांक (नोंदणीचा क्रमांक) पडायचा असतो, वर्गांक (विषयाप्रमाणे मांडणीतली जागा सांगणारा आकडा) लागायचा असतो. कॅटलॉगमध्ये अशा पुस्तकापुढे ‘मागवले आहे’ किंवा ‘प्रक्रियेत’ असं लिहिलेलं दिसतं. वाचक ते बघतो आणि ‘अजून आलं नाही वाटतं’ म्हणून निघून जातो. निघून जाऊ नका, आरक्षण टाका. बहुतेक ठिकाणी आरक्षण पडलेलं पुस्तक प्रक्रियेच्या रांगेत पुढे घेतात. आरक्षणाचं बटण दिसत नसेल तर शीर्षक लिहून चिठ्ठी द्या, तेही चालतं.

मराठी पुस्तक शोधताना दोनदा शोधा, एकदा देवनागरीत आणि एकदा रोमनमध्ये. परदेशातल्या मोठ्या ग्रंथालयांच्या नोंदी, आणि तिथून उतरवून घेतलेल्या अनेक नोंदी, रोमन लिपीत असतात. त्यांच्या लिप्यंतराच्या नियमात शेवटच्या अक्षरातला ‘अ’ही लिहितात. त्यामुळे ‘देशमुख’ हे आडनाव तिथे ‘देशमुखा’सारखं दिसतं, ‘कर’ने संपणाऱ्या प्रत्येक आडनावाला शेवटी एक जादा रोमन ‘ए’ (a) चिकटलेला असतो. नेहमीच्या स्पेलिंगने काही सापडलं नाही तर शेवटी तो ‘ए’ लावून बघा. पुस्तकच नाही असं समजून परत गेलेल्या कितीतरी जणांचं पुस्तक मांडणीत जागच्या जागी होतं.

शोधण्याच्या खुणा नेहमीच्याच. शब्दसमूह अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे ‘हवामान बदल’ टाकल्यावर हवामान एका पानावर आणि बदल दुसऱ्या पानावर असलं काही येणार नाही. शब्दाच्या मुळापुढे तारा (*) लावला, ‘शेत’पुढे लावून बघा, तर शेती, शेतकरी, शेतमजूर सगळे एकदम येतात. हा तारा सगळीकडे चालत नाही, पण चालतो तिथे खूप वेळ वाचवतो. चांगले निकाल देणारा शोध सापडला की तो खात्यात जतन करून त्यावर अलर्ट लावा. नवीन काही आलं की मेल येतो आणि फलकाकडे यायची गरज उरत नाही.

आता मांडणीकडे. पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे देणारी ड्युई दशांश पद्धत १८७६ पासून चालू आहे, तरी मांडणीपुढे उभी असलेली माणसं अजून दशांश विसरतात. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. तो ८९१.५ च्या आधी येतो की नंतर? आधी. टिंबानंतरचा आकडा शेहेचाळीस म्हणून वाचायचा नसतो, चार-सहा असा एकेक अंक वाचायचा असतो. शेहेचाळीस मोठे की पाच, असा हिशेब करत लोक मांडणीच्या भलत्या टोकाला जातात. आणि पुस्तक सापडलं की लगेच वळू नका. डावी-उजवीकडची हातभर जागा नजरेखालून घाला. वर्गीकरणाने एका विषयाची पुस्तकं शेजारी आणून ठेवलेली असतात आणि पडद्यावरच्या यादीत हे शेजार तितकंसं हाताशी लागत नाही. हाताळून झालेलं पुस्तक मात्र मांडणीत परत खोचू नका, टेबलावर किंवा ट्रॉलीवर ठेवा. चुकीच्या जागी खोचलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. शिवाय काही ग्रंथालयं ट्रॉलीवरची पुस्तकंसुद्धा ‘वापरली’ म्हणून मोजतात.

ई-बुक ‘वापरात आहे’ म्हणतं तेव्हा

ई-बुक संपतं कसं, असा प्रश्न मला परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सतत येतो. संपतं, कारण ग्रंथालयाने घेतलेल्या परवान्यात एका वेळी किती जणांनी वाचायचं ते ठरलेलं असतं. कधी एक, कधी तीन, कधी कितीही. एक जणाचा परवाना असलेलं पुस्तक कोणीतरी उघडून टॅब तसाच ठेवून जेवायला गेलं की वेळ संपून आपोआप बंद होईपर्यंत बाकीचे बाहेर. म्हणून वाचून झालं की पुस्तकातून रीतसर बाहेर पडा, नुसता लॅपटॉप मिटू नका. तुम्हाला एकच प्रकरण हवं असेल तर अख्खं पुस्तक ‘बॉरो’ करू नका. ‘प्रकरण डाउनलोड’चा पर्याय बहुतेक ठिकाणी पानांच्या मर्यादेत मिळतो आणि पुढच्या माणसाला पुस्तक लगेच मोकळं होतं. एकच पुस्तक वारंवार ‘वापरात आहे’ म्हणत असेल तर पडद्याचा फोटो काढून आम्हाला पाठवा. परवाना वाढवून घेण्यासाठी त्याच्याइतका चांगला पुरावा नाही.

खोल्या आणि यंत्रं

गटचर्चेच्या खोल्या ऑनलाइन भरतात आणि नेहमी भरलेल्याच दिसतात. त्यात बरेचसे बुकिंग करून न येणारे असतात. अनेक ठिकाणी पहिल्या काही मिनिटांत हजेरी लागली नाही तर बुकिंग रद्द होतं. मग तासाचा काटा सरकल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पान पुन्हा उघडून बघा, खोली सुटलेली दिसेल. पडद्याला जोडायची केबल आणि अडॅप्टर आपला आपण आणा. आमच्याकडचा अडॅप्टर कायम ‘आत्ताच कोणीतरी नेला’ असतो.

शांतता विभागात जागा निवडताना ती कोणाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे का ते आधी बघा. जिना, प्रिंटर, देवघेवीचा काउंटर यांच्या वाटेवरची खुर्ची कितीही छान असली तरी तिथे बसू नका. नियतकालिकांच्या जुन्या बांधीव खंडांच्या मांडण्यांमागे बहुधा कोणी फिरकत नाही.

थ्रीडी प्रिंटर आलाय म्हणून सगळे खूश असतात. तो थरावर थर चढवत वस्तू घडवतो, म्हणून मुठीएवढ्या वस्तूलाही काही तास लागतात. फाइल बहुधा एसटीएल स्वरूपात द्यावी लागते. अधांतरी लोंबणाऱ्या भागाला खालून आधार छापावा लागतो, तो नंतर खुडून काढायचा. सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी फाइल घेऊन येऊ नका, एवढीच विनंती.

दृष्टीची अडचण असलेल्यांसाठीच्या खोलीबद्दल मात्र मी जास्त बोलते, कारण ती असते हेच अनेकांना ठाऊक नसतं. तिथे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, असतो. ‘एनव्हीडीए’ हा त्यातला मोफत, मराठीही वाचून दाखवू शकतो. पण स्कॅन केलेलं पुस्तक म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र, त्यातली अक्षरं आधी ओळखून घ्यावी लागतात. ते काम ग्रंथालयाकडून करून मागा. २०१३ चा मराकेश करार ज्या देशांनी स्वीकारला आहे तिथे छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी अशी प्रत प्रकाशकाच्या परवानगीशिवाय करता येते. डोळ्यांची अडचण नसून वाचनाची अडचण असेल, डिस्लेक्सिया असेल, तरी हा करार लागू होतो. मागायला संकोच करू नका. अर्ज सत्राच्या सुरुवातीला द्या, कारण एका जाड पुस्तकाला बरेच दिवस जातात.

दुर्मीळ संग्रहात जायचं असेल तर आधी वेळ घ्या, पिशवी बाहेर ठेवा आणि पेन्सिल आणा. पेन आत चालत नाही.

कार्यक्रम: कुठे जायचं, कुठे नाही

उद्घाटनाला नाही गेलात तरी चालेल. दीपप्रज्वलनाचे फोटो नंतर बघायला मिळतात.

संदर्भसूचीची कार्यशाळा चुकवू नका. बहुधा ‘झोटेरो’ हे संदर्भ साठवून सूची बनवणारं सॉफ्टवेअर शिकवतात. २००६ पासून आहे, मोफत आहे. येताना लॅपटॉपवर ते आधीच टाकून आणा, नाहीतर अर्धा तास डाउनलोड बघण्यात जातो. आणि आपल्याच प्रबंधातले पाच वाकडेतिकडे संदर्भ सोबत आणा: संपादक दोन असलेलं पुस्तक, वर्ष नसलेला अहवाल, मराठी मासिकातला लेख. शिकवणाऱ्याच्या उदाहरणात सगळं सरळ असतं. खरी अडचण मासिकाला खंड नाही, महिना आहे, तेव्हा काय लिहायचं, ही असते. ती तिथेच विचारा.

ऑक्टोबरात जगभर मुक्त प्रवेश (ओपन ॲक्सेस, म्हणजे शोधनिबंध सगळ्यांना मोफत वाचता येणं) सप्ताह होतो. शोधनिबंध छापायच्या बेतात असलेल्यांनी त्यातलं ‘कुठे छापावं’वालं सत्र धरावं. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं कशी ओळखायची ते तिथे कळतं, तेही आपला निबंध अडकायच्या आधी.

‘मानवी ग्रंथालय’ जाहीर झालं तर जरूर या. २००० साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेली ही कल्पना. पुस्तकाऐवजी माणूस ‘घेऊन’ त्याच्याशी काही वेळ बोलायचं. नुसते ऐकायला येतात ते कंटाळतात, प्रश्न घेऊन या.

आणि कार्यक्रमांच्या यादीत शेवटी, बारीक अक्षरांत, ‘वैयक्तिक सल्ल्यासाठी वेळ घ्या’ असं लिहिलेलं असतं. माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच. सुरुवातीला लिहिलेलं ते एक वाक्य, आतापर्यंत कुठे काय शोधलं आणि काय मिळालं नाही त्याची यादी, एवढं घेऊन बसा. ‘काही सापडत नाही’ म्हणालात तर मलाही शून्यापासून सुरुवात करावी लागते. ‘या शब्दाने चाळीस हजार निकाल आले, त्या शब्दाने तीन’ असं सांगितलंत तर पहिल्या पाच मिनिटांत रस्ता लागतो.

हवं ते नसेलच तर

पुस्तक खरेदीचा सूचना-अर्ज भरा. त्यात आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्या आवृत्तीचा क्रमांक) टाका, म्हणजे चुकीची आवृत्ती मागवली जात नाही. कारणाच्या रकान्यात ‘उपयुक्त पुस्तक’ लिहू नका. कोणत्या विषयासाठी, कोणत्या सत्रात, साधारण किती जणांना लागेल ते लिहा, कारण समितीत हाच रकाना मोठ्याने वाचला जातो. छापील हवं की ई-बुक, तेही सांगा. आणि खाली ‘आल्यावर कळवा’ असा एक चौकोन असतो, त्यावर खूण करायला विसरू नका. खूण नसली की पुस्तक येतं, वर्गांक लागून मांडणीत जातं आणि पहिल्यांदा दुसरंच कोणीतरी घेऊन जातं.