काड्यांच्या गठ्ठ्यांतून बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी

पहिली-दुसरीतल्या मुलाला बेरीज-वजाबाकी शिकवण्यासाठी विकतचा संच लागत नाही. शंभरेक आइस्क्रीमच्या काड्या, दहा रबरबँड, वीस चिंचोके, एक वाटी आणि अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे एवढे साहित्य पुरते. घरात तान्हे किंवा रांगते भावंड असेल, तर चिंचोके मोजून परत ठेवावेत, कारण ते नाकातोंडात जाण्याची भीती असते.

सुरुवात चिंचोक्यांनी करावी. मुलाने पाच आणि तीन चिंचोके एकत्र करून एकूण किती ते सांगावे. आरंभी ते सगळे पुन्हा एकपासून मोजते, आणि त्यात वावगे काही नाही. हे सहज जमू लागले, की पाच चिंचोके वाटीखाली झाकावेत, वाटीवर हात ठेवून ‘पाच’ म्हणावे आणि बाहेरच्या तिघांवर बोट ठेवत ‘सहा, सात, आठ’ असे पुढे मोजायला लावावे. बरीच मुले येथे बाहेरच्या पहिल्याच चिंचोक्याला ‘पाच’ म्हणतात आणि त्यांचे उत्तर सात येते; अशा वेळी ‘चुकले’ न म्हणता वाटी उचलून पुन्हा मोजू द्यावे.

यानंतर ट्रेमधून पाच-पाच खणांच्या दोन ओळी कापून घ्याव्यात. ८ + ५ साठी आठ चिंचोके खणांत आणि पाच बाहेर ठेवले, की दोन खण रिकामे दिसतात. ते भरले की दहा पुरे होतात आणि बाहेर तीन उरतात.

आता काड्या घ्याव्यात. दहा काड्यांचा गठ्ठा म्हणजे एक दशक, सुटी काडी म्हणजे एकक. मात्र गठ्ठे मुलानेच मोजून बांधावेत, कारण आयता गठ्ठा त्याच्या लेखी एकच वस्तू असते. २७ + १५ करताना सुट्या काड्या बारा होतात, त्यांतल्या दहांना रबरबँड लागतो आणि नवा गठ्ठा दशकांच्या रांगेत जातो. हा गठ्ठा म्हणजेच हातचा. उत्तर चार गठ्ठे आणि दोन सुट्या, म्हणजे ४२.

वजाबाकीत मोठी माणसेच घोळ घालतात. ४२ − १७ साठी ते बेचाळीस काड्या मांडतात आणि खाली सतराही मांडतात. मग मुलाला कळत नाही की कशातून काय काढायचे. येथे फक्त ४२ मांडावेत, कारण १७ त्यांच्यातच आहेत. सुट्या दोनच असल्याने सात देता येत नाहीत, म्हणून मूल एक गठ्ठा सोडते. आता तीन गठ्ठे आणि बारा सुट्या होतात. त्यांतून सात सुट्या आणि एक गठ्ठा काढला, की २५ उरतात. कागदावर हेच उदाहरण सोडवताना अनेक मुले सातातून दोन वजा करून ३५ लिहितात. काड्या समोर असताना तसे करायला वावच नसतो, म्हणून वहीतील उभी मांडणी घाईने सुरू करू नये.

‘किती जास्त’ या प्रकारच्या उदाहरणांत मात्र दोन्ही संख्या मांडाव्या लागतात. एकाकडे नऊ चिंचोके आणि दुसऱ्याकडे सहा असतील, तर ते दोन रांगांत समोरासमोर लावावेत आणि जोडी न मिळालेले तीन मोजावेत. ‘किती जास्त’ असे विचारल्यावर मुले सरळ ‘नऊ’ म्हणतात, हे येथे हमखास घडते. त्यांना आधी ‘कोणाकडे जास्त’ आणि मग ‘जोडीविना किती’ असे विचारावे.

काड्यांवर हात बसला, की मुलाने गठ्ठ्यांसाठी उभ्या रेघा आणि सुट्यांसाठी टिंबे काढून तेच उदाहरण सोडवावे, आणि त्यानंतर त्याच चित्राशेजारी अंक लिहावेत. ४० − १७ सारखे शून्याचे उदाहरण आले, की बहुतेक मुले अडखळतात. तेव्हा पुन्हा चार गठ्ठे समोर ठेवून एक सोडायला सांगावे.