द्राक्षाच्या खरड छाटणीच्या काड्या जाळू नका, बागेतच जिरवा

एप्रिलमध्ये खरड छाटणी (द्राक्षं काढल्यावर वेलीच्या जुन्या काड्या मागे कापतात ती) झाली की नाशिककडे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव कुठूनही संध्याकाळी जा, बांधावर काड्या पेटलेल्या दिसतात आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण जाळल्यावर पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) राखेत राहतं पण नत्र (नायट्रोजन) आणि गंधक बहुतेक सगळं हवेत जातं, मग तेच आपण गोणीतून विकत आणतो. द्राक्षं क्रेटमधून गेली की त्यांच्यातलं पालाश गेलंच, ते भरावंच लागतं. पण काडी, पान, तण बाहेर जायचं काय कारण?

तर आधी काड्यांची कुट्टी करा, बोटाच्या पेराएवढी, अख्ख्या टाकल्या तर कुजायला वर्षही पुरत नाही. खोडकिडा लागलेल्या तेवढ्या बाजूला काढा, त्या जाळल्या तरी चालतील. लिंबाच्या सावलीत ५ फूट रुंद आणि ३-४ फूट उंच ढीग लावायचा, वीतभर कुट्टी, वर हिरवं तण, त्यावर ताज्या शेणाचा काला, परत कुट्टी.

शेणात कंजूषी नको. काडीत कार्बन भरपूर आणि नत्र कमी, आणि जिवाणूंना साधारण २५-३० भाग कार्बनला १ भाग नत्र लागतं, ते ढिगात मिळालं नाही की काम रेंगाळतं. मी पहिल्या वर्षी कच्चीच कुट्टी बोदात (वेलीच्या ओळीखालच्या मातीच्या वरंब्यात) गाडली होती, नवीन फूट पिवळी पडली, सगळे म्हणाले काडीने जमीन बाधली. जमीन बाधली नव्हती, जिवाणूंनी मातीतलं नत्र ओढून घेतलं होतं, ते मेले की नत्र परत मोकळं होतं पण तोवर फुटीची वेळ निघून जाते ना. कच्ची कुट्टी वर पसरून मल्चिंग केलं तर एवढा त्रास होत नाही.

ओल किती? मुठीत दाबलं की हात ओला व्हावा, पाणी गळू नये. ढिगात पहार खुपसून ठेवा, ४-५ दिवसांनी काढली की हाताला चटका बसला पाहिजे. गार असेल तर पाणी किंवा शेण कमी पडलंय, आंबूस वास आला तर हवा नाही, लगेच पलटी मारा. नाहीतर पहिली पलटी १५ दिवसांनी, पुढे महिन्याने. भुरी-डाऊनी या बुरशीच्या रोगांच्या काड्या मधोमध टाका, तिथेच ५५-६० अंश उष्णता होते.

पाऊस लागला की ताडपत्री टाकाच. ढिगातलं नत्र नायट्रेट होऊन पाण्यात विरघळतं, ओहोळातून गोदावरीत जातं आणि पुढे नांदूर मधमेश्वरला (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे ते) पाणवेलीला खत होतं. शहराचं सांडपाणी त्यात आहेच, पण आपला वाटा तरी कमी करू.

गणपतीच्या आसपास खत काळं, भुसभुशीत होतं, मातीचा वास येतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी (फळांसाठी करतात ती) वापसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, बघून बोदात द्या आणि सुपर फॉस्फेट त्यातच मिसळा, कारण आपल्या चुनखडी जमिनीत नुसतं टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, मुळांना मिळतच नाही.

आणि जूनमध्ये ओळींच्या मधे हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा. महिन्याने एक रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडा, आत गुलाबी दिसली तर हवेतलं नत्र धरणं चालू आहे, फुलं लागायला लागली की कापून तिथेच पाडा.