फोर-स्ट्रोक आउटबोर्ड: खाऱ्या पाण्यातली देखभाल आणि नेमका सुटा भाग शोधणे

आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन, फिरून फिरून झिजत नाही. त्याला खार खातो, साचलेले पेट्रोल खाते आणि चुकीचा बसवलेला सुटा भाग खातो. मालवण, देवगड, रत्नागिरीपासून अलिबागपर्यंत फायबरच्या होड्यांवर आता टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक इंजिने दिसतात, पण सवयी जुन्याच राहिल्या आहेत. पहिली सवय मोडायची ती पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची. फोर-स्ट्रोकचे ऑइल वेगळे, खालच्या सम्पमध्ये (ऑइलच्या टाकीत) असते. म्हणूनच इंजिन टेम्पोत टाकताना ज्या बाजूला टेकण्यासाठी उंचवटे दिले आहेत त्याच कुशीवर झोपवावे. उलट्या कुशीवर ठेवले तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरते.

रोजचे काम एकच: गोड्या पाण्याने धुणे. सायलेन्सरपासून थर्मोस्टॅटपर्यंतच्या (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेपर्यंतच्या) अरुंद वाटांत मीठ वाळले की ते सहज सुटत नाही. होडी किनाऱ्याला लागली की निदान १० मिनिटे पाणी सोडावे. पाणी खेचायच्या जाळीवर कानपट्टीसारखे रबरी कप लावून धूत असाल तर इंजिन न्यूट्रलमध्ये, मंद चालू ठेवा. यामाहाच्या बहुतेक मॉडेलांना बाजूला होजची वेगळी जोडणी असते. तिथून पाणी देताना मात्र इंजिन बंदच ठेवायचे, कारण त्या वाटेने इंपेलरला (पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राला) पाणी पोचत नाही आणि तो कोरडा फिरून जळतो.

चालू इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाली की लगेच पंप उघडू नये. आधी त्या भोकात तंगुसाचा जाड तुकडा घालून पाहा. रेती अडकलेली असते, आणि इंजिन काही आठवडे उभे असेल तर कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते. भोक मोकळे असूनही धार कमी असेल तर मग इंपेलर. इंजिनाच्या पुस्तकात काहीही लिहिलेले असो, खाडीच्या गढूळ पाण्यात चालणाऱ्या इंजिनाचा इंपेलर दर वर्षी बदलावा. गाळ रबराबरोबर पंपाचा कप आणि खालची पत्रीही घासतो, त्यामुळे नुसता इंपेलर न घेता पूर्ण किट घ्यावा.

बदलताना गिअर कुठे आहे ते लक्षात ठेवा आणि लोअर युनिटचे (पंखा आणि गिअर असलेल्या खालच्या भागाचे) बोल्ट काढा. एक बोल्ट बऱ्याचदा पंख्याच्या वरच्या ट्रिम टॅबखाली (छोट्या पात्याखाली) लपलेला असतो. टॅब काढण्याआधी तिची जागा खुणेने आखून ठेवा. जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादे तुटलेले असेल तर तो तुकडा वरच्या नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकलेला असतो. तो काढल्याशिवाय इंजिन पुन्हा तापणार. नवा इंपेलर साबणाच्या पाण्याने ओला करून, शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत कपात बसवा, म्हणजे पाती योग्य दिशेला वळतात. इंपेलरला शाफ्टवर पक्के धरणारी छोटी चावी पडू देऊ नका. शाफ्टच्या दात्यांना बाजूने मरीन ग्रीस लावा, वरच्या टोकाला नको. तिथे साचलेले ग्रीस दाबले जात नाही आणि युनिट पूर्ण वर बसत नाही.

इंजिन ऑइल पहिल्यांदा २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलायचे. डब्यावर एफसी-डब्ल्यू ही फोर-स्ट्रोक मरीन ऑइलची खूण आणि १०डब्ल्यू-३० किंवा पुस्तकात दिलेला दर्जा पाहा. गाडीच्या ऑइलमध्ये गंज रोखणारी भर मरीन ऑइलइतकी नसते. इंजिन थोडे गरम करून, सरळ उभे ठेवून ऑइल काढा. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट लावून तो टेकल्यावर हाताने पाऊण वेढा आवळला की पुरे.

काही होड्यांवर एक उलटा प्रकार दिसतो. ऑइलची पातळी घटायच्या ऐवजी वाढते आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो. जाळी लावताना किंवा पर्यटक फिरवताना इंजिन तासन्‌तास मंद चालते, पुरेसे तापत नाही, आणि न जळलेले पेट्रोल रिंगांमधून खाली उतरते. मिठाने उघडा अडकलेला थर्मोस्टॅट हे यामागचे नेहमीचे कारण. तो काढून पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने टांगा, थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. अंगावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडला आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला तर ठीक, नाहीतर नवा घाला. त्याची गॅस्केट दर वेळी नवी. पातळ झालेले ऑइल तसेच चालवले तर बेअरिंग जातात, आणि तो खर्च थर्मोस्टॅटच्या कित्येक पट असतो.

गिअर ऑइल खालच्या भोकातून भरायचे, वरून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावा, नंतर खालची नळी काढून खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे. काढलेले ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पंखा काढून थ्रस्ट वॉशरमागे (पंख्यामागच्या जाड चकतीमागे) पाहा. तिथे गुंडाळलेला तंगूस सील कापत असतो. कोकणात हे इतक्या वेळा होते की पंखा महिन्यातून एकदा उतरवून पाहावाच.

इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे ठोकळे निम्मे झिजले की बदला. त्यांच्यावर रंग कधीही मारू नका. रंगवलेले झिंक काम करत नाही आणि खार सरळ लोअर युनिटच्या ॲल्युमिनियमला लागतो. बऱ्याच मॉडेलांत ब्लॉकच्या आतही झिंक असतात, ते लोक विसरतात. टायमिंग बेल्ट असलेल्या यामाहा इंजिनांवर तो १००० तास किंवा ५ वर्षे एवढाच धरावा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते, आणि पाणी जास्त झाले की इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसते. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये १० मायक्रॉनचा पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात कार्ब्युरेटरमध्ये थेंबही ठेवू नका: नळी काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग फ्लोट बाउलचा (त्यातल्या पेट्रोलच्या वाटीचा) स्क्रू उघडून उरलेले काढा. हे करताना पाणी चालू हवे. इंजेक्शनच्या इंजिनाला मात्र कोरडे चालवू नका. त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल बिघडू न देणारे औषध) घातलेले ताजे पेट्रोल फिरवून ठेवा. इंजिन उभेच ठेवा, म्हणजे आतले पाणी निथळते.

आता सुटे भाग. दुकानात ‘४०चा इंपेलर द्या’ म्हटले तर दुकानदार अंदाजाने देणार. क्लॅम्प ब्रॅकेटवरच्या (इंजिन होडीला धरणाऱ्या पकडीवरच्या) मॉडेल क्रमांकाच्या पट्टीचा फोटो फोनमध्ये ठेवा. खाराने ती पट्टी पुढे वाचता येत नाही. यामाहाचे एफ४०एफईटीएल म्हणजे फोर-स्ट्रोक, ४० हॉर्सपॉवर, मग पिढीचे अक्षर, इलेक्ट्रिक स्टार्ट, पॉवर टिल्ट आणि २० इंची शाफ्ट. पिढीचे अक्षर बदलले की आतले बरेच काही बदलते.

यामाहाच्या भाग क्रमांकात पहिली तीन अक्षरे तो भाग ज्या मॉडेलसाठी आला त्याची, मधले पाच आकडे भागाच्या जातीचे. ४४३५२ म्हणजे इंपेलर, १३४४० म्हणजे ऑइल फिल्टर. शेवटचे दोन आकडे सुधारित आवृत्तीचे, म्हणून पुस्तकातल्यापेक्षा ते वेगळे दिसले तर लगेच नाकारू नका. नवा क्रमांक जुन्याची जागा घेतो का ते विचारा. होंडा आणि सुझुकीत जात आधी येते: होंडाचा इंपेलर १९२१० ने सुरू होतो, सुझुकीचा १७४६१ ने. मर्क्युरीची लहान इंजिने तोहात्सु बनवते, त्यामुळे मर्क्युरीचा भाग मिळत नसेल तर तोहात्सुच्या यादीत शोधा.

बेअरिंगवर कोरलेला क्रमांक प्रमाणित असेल तर ते मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात मिळते. ऑइल सीलला आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी जुळवा, आणि स्प्रिंग स्टेनलेसची आहे ना ते पाहा. साधी स्प्रिंग खाऱ्या पाण्यात लवकर गंजून तुटते. इंपेलर, थर्मोस्टॅट, हेड गॅस्केट आणि पेट्रोलची नळी मात्र कंपनीची किंवा नावाजलेल्या मरीन ब्रँडचीच घ्या. प्लगही मूळ क्रमांकाचाच. एनजीके प्लगच्या क्रमांकाच्या शेवटी -९ असेल तर गॅप ०.९ मिलिमीटर ठेवलेली असते.

जुने लोअर युनिट विकत घेताना नुसती बाहेरची मापे जुळून भागत नाही. गिअर रेशो वेगळा असेल तर इंजिन एकतर गुदमरते नाहीतर अति फिरते. ते गिअरमध्ये टाका, पंखा एका जागी खूण करून १० वेढे फिरवा आणि वरचा शाफ्ट किती वेढे फिरला ते मोजा. १८.५ आले तर रेशो १.८५. तो तुमच्या पुस्तकातल्या आकड्याशी जुळला तरच पैसे द्या.