डायक्लोफेनॅकची गोळी घेताय? या चुका टाळा

"दादा, ती लाल गोळी द्या चार. अंग लई दुखतंय."

माळशिरस तालुक्यात, पालखी मार्गावरच्या एका गावात माझं मेडिकल आहे. बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे आणि हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस आठवत नाही. लाल म्हणजे नेमकी कुठली, हे मागणाऱ्याला माहीत नसतं. ऊसतोडीत कंबर धरते, खुरपणीत गुडघे धरतात, रात्री दाढ ठणकते, आणि सगळ्यांना तीच गोळी हवी असते. बहुतेक वेळा ती डायक्लोफेनॅकची असते, नाहीतर तिच्या भावकीतली: ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमसुलाइड.

औषध वाईट नाही. सुजलेल्या सांध्याला, मुरगळलेल्या घोट्याला, दाढेच्या ठणक्याला त्याने चांगला उतार पडतो. पण ते दुखणं थांबवतं कसं, हे एकदा समजून घ्या. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. सूज, ठणका, ताप यांत त्यांचा मोठा हात असतो. ही गोळी ती द्रव्यं तयारच होऊ देत नाही. ॲस्पिरिन याच पद्धतीने काम करतं हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अडचण अशी की तीच द्रव्यं जठराचं आतलं अस्तर सांभाळतात आणि किडनीला रक्त कमी पडू देत नाहीत. गोळी गुडघ्यासाठी घेतलेली असली तरी रक्तातून ती सगळीकडे जाते. गुडघ्यातला ठणका थांबतो, त्याच वेळी पोटाचं आणि किडनीचं संरक्षणही कमी होतं.

एकच औषध दोन नावांनी पोटात जातं

ही चूक मी सगळ्यांत जास्त पाहिली आहे आणि तिची एक आठवण अजून जात नाही.

गावातले एक अण्णा, साठी ओलांडलेले. हृदयात स्टेंट बसवलेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची ॲस्पिरिन ७५ रोज चालू. गुडघा दुखायला लागला म्हणून तालुक्याला हाडाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी पाच दिवस लिहून दिली. बरं वाटलं. पाच दिवस संपले, चिठ्ठी मात्र खिशात राहिली. अण्णा तीच चिठ्ठी दाखवून वेगवेगळ्या दुकानांतून तीच गोळी आणत राहिले. मधेच शेजाऱ्याने सांगितलं, "लाल गोळी घ्या, लगेच उतार पडतो." ती ते माझ्याकडून न्यायचे. डायक्लोफेनॅक ५०. सकाळी डॉक्टरांची, दुपारी माझी, रात्री पुन्हा डॉक्टरांची. त्यांच्या हिशेबाने ही दोन वेगळी औषधं होती. खरं तर ॲसिक्लोफेनॅकचा काही भाग शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतो.

सहा-सात आठवडे हे चाललं. शौचाला काळं व्हायला लागलं. सुनेने अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, म्हणून घरात सगळ्यांनी धरलं की त्यामुळेच काळं होतंय. लोहाने काळं होतं हे खरं आहे. पण दोन्हींत फरक असतो. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग गडद, हिरवट-काळा होतो, बाकी काही बदलत नाही. पोटात रक्त सांडत असेल तर शौच डांबरासारखी चिकट होते, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते आणि वासाला उग्र असते. अण्णांना हे दिसत होतं, पण सुनेजवळ असलं काय बोलायचं म्हणून ते गप्प राहिले.

एके सकाळी विहिरीवर मोटर चालू करायला गेले आणि स्टार्टरच्या पेटीजवळच कोसळले. दवाखान्यात हिमोग्लोबिन ५.८ निघालं. दुर्बीण घातली तर जठरात अल्सर, त्यातून रक्त झिरपत होतं. तीन बाटल्या रक्त चढवलं. अण्णा वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून माझ्या काउंटरवर ओतल्या. त्यात माझ्या कात्रीने कापलेले तुकडे होते, चार-चार गोळ्यांचे. मागे चंदेरी कागद, त्यावर नावाची तीनच अक्षरं उरलेली. बाकीचं नाव, तारीख, सगळं कापलेल्या दुसऱ्या तुकड्यावर गेलेलं. ते तुकडे मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

त्या दिवसापासून पट्टी कापली तर मी गोळ्या छोट्या पाकिटात घालतो आणि पाकिटावर पेनाने औषधाचं खरं नाव, ताकद आणि मुदत लिहितो. गिऱ्हाईक घाईत असलं तरी थांबवतो. तुम्हीही मागून घ्या. आणि घरी एक काम करा. पट्टीवर मोठ्या अक्षरात छापलेलं कंपनीचं नाव सोडून द्या, त्याखाली बारीक अक्षरात असलेलं औषधाचं नाव वाचा. दोन पट्ट्यांवर डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, निमसुलाइड, इटोरिकॉक्सिब यांतली कुठलीही दोन नावं दिसली, तर त्यांतली एक बंद ठेवा आणि कुठली चालू ठेवायची ते डॉक्टरांना विचारा. प्रौढ माणसाला डायक्लोफेनॅक दिवसाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. एवढ्यावर भागत नसेल तर गोळी वाढवायची नाही, दुखण्याचं कारण शोधायचं.

पॅरासिटामॉलचंही तसंच. अंगदुखीच्या एकत्र गोळीत बहुतेक ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतंच. वर तापासाठी ६५० ची वेगळी घेतली की मोजमाप चुकतं आणि यकृतावर ताण येतो.

"गॅसची गोळी घेतली आहे, आता चालतं"

लोकांना वाटतं, गोळी पोटात पडते आणि तिथे जाळते, म्हणून वर दूध प्यायलं की झालं. जेवून घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, म्हणून जेवणानंतरच घ्या. पण अल्सर होण्याचं मोठं कारण गोळीचा स्पर्श नाही, रक्तातून होणारा परिणाम आहे. त्याच कारणाने सुई टोचून घेतली तरी पोट वाचत नाही. "गोळीने पोट बिघडतं, त्यापेक्षा सुई मारा" म्हणणाऱ्यांना हे मी रोज सांगतो. सुईची घाई करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. कंबरेत चुकीच्या जागी टोचलेल्या सुईने पायाची नस दुखावते, पाऊल उचलता येत नाही अशी माणसं मी पाहिली आहेत. तोंडाने औषध घेता येत असताना कशाला हा धोका?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गॅसच्या, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या खरोखर उपयोगी आहेत. वय साठच्या पुढे असेल, आधी अल्सर झालेला असेल किंवा सोबत ॲस्पिरिन चालू असेल, तर डॉक्टर त्या मुद्दाम देतात. त्या सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायच्या. जळजळ सुरू झाल्यावर घेऊन विशेष फायदा नाही. रॅनिटिडीन ही ॲसिडिटीची दुसरी गोळी; तिची नेहमीची मात्रा जठराच्या अल्सरपासून वाचवायला पुरत नाही. आणि यांतली कुठलीही गोळी किडनीचं रक्षण करत नाही.

जुलाब लागलेत, ऊन लागलंय, आणि वर अंगदुखीची गोळी

आषाढीच्या आधी पालखी आमच्या भागातून जाते. आळंदीहून निघालेली माणसं दिवे घाट चढून, रोज कोसन्‌कोस चालून इथपर्यंत येतात, तेव्हा पायांची चाळण झालेली असते. गोळी मागणं साहजिक आहे आणि त्यांना रिकाम्या हाताने पाठवायला जीव होत नाही.

एका वर्षी विदर्भातल्या दिंडीतल्या एक मावशी आल्या. पिशवीत बीपीची गोळी होती, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली, म्हणजे जिने लघवीही वाढते अशी. तीन दिवसांपासून सकाळ-संध्याकाळ डायक्लोफेनॅक चालू होतं. आदल्या रात्रीपासून जुलाब. मागत होत्या आणखी अंगदुखीची गोळी. मी विचारलं, "मावशी, लघवीला कधी गेला होता?" थोडा विचार करून म्हणाल्या, "काल दुपारी."

गोळी दिली नाही. दिंडीच्या माणसांना सोबत घालून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं होतं. सलाइन लावलं, अंगदुखीची गोळी बंद केली, बीपीच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनी ठरवलं. किडनी सावरली. आणखी दोन दिवस तसंच चालल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार नको वाटतो.

बीपीची अशी गोळी, लघवी वाढवणारं औषध आणि अंगदुखीची गोळी, ही तिन्ही एकत्र आली की किडनीवर तिन्हीकडून ताण येतो. त्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं असेल तर दोन-तीन दिवसांतही किडनी बसू शकते. म्हणून जुलाब, उलट्या, कडक ऊन, निर्जळी उपवास असेल त्या दिवशी ही गोळी नको. दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, पाय वर करून पडा. वारीला निघण्याआधी डॉक्टरांना हे विचारून ठेवा.

डायक्लोफेनॅक किडनीला काय करू शकतं याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण आपल्याच देशात घडलं. जनावरांना हे औषध टोचलं जायचं. मेलेल्या जनावराचं मांस गिधाडांनी खाल्लं, त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि लाखोंनी असलेली गिधाडं काही वर्षांत दिसेनाशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरतंच ठेवलं गेलं. गिधाडाचं शरीर आपल्यासारखं नाही आणि माणसाला एका गोळीने असं होत नाही. पण "साधी अंगदुखीची गोळी" म्हणणाऱ्याला मी ही गोष्ट सांगतोच.

पावसाळ्यातला ताप

जुलै ते नोव्हेंबर ताप आणि अंग मोडून येणं असेल तर डेंग्यू नाही असं कळेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि या गोळ्या रक्तस्राव वाढवतात. फक्त पॅरासिटामॉल, तेही मोजून. निमसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून मनाई आहे, तरी अजून तापाला "ती पिवळी गोळी अर्धी करून द्या" म्हणणारे आईबाप येतात. मी देत नाही. भांडण झालं तरी चालेल.

बाकीच्या चुका थोडक्यात. हृदयविकार झालेल्यांनी, स्टेंट किंवा बायपास झालेल्यांनी डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय घेऊच नये, त्याने हृदयाच्या झटक्याचा धोका वाढतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये अशा रुग्णांसाठी ते वर्ज्य ठरवलं. गरोदर बाईने विसाव्या आठवड्यानंतर स्वतःहून घ्यायचं नाही. दमा असेल आणि एखाद्या अशा गोळीने पूर्वी धाप लागली असेल, तर ते प्रत्येक डॉक्टरला आधी सांगायचं. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं), मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांचं) किंवा लिथियम (मानसिक आजाराचं) चालू असेल तर विचारल्याशिवाय नाही. एसआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी फोडायची, चावायची नाही, एकदम सगळं औषध सुटतं. घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. दारू आणि ही गोळी एका दिवशी नाही.

बाजारात सांधेदुखीच्या "जडीबुटीच्या" पुड्या मिळतात. एका दिवसात चमत्कार झाला तर संशय घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे.

गुडघ्याच्या दुखण्याला मी स्वतः आधी जेल सुचवतो. त्वचेवर लावलेल्या डायक्लोफेनॅकचा गोळीच्या तुलनेत जेमतेम सहा टक्के भाग रक्तात जातो. दिवसातून तीन-चार वेळा, हलक्या हाताने, जखम नसलेल्या जागी लावायचं. वर गरम पट्टा बांधायचा नाही. आठवडाभर नेमाने लावल्यावर कळतं. लोक दोन वेळा लावतात आणि "याने काही होत नाही" म्हणून ट्यूब परत आणतात. तेवढा धीर धरा.

गोळी घ्यायचीच झाली तर कमीत कमी ताकदीची, तीन ते पाच दिवस. मी पाकिटावर सुरू केल्याची तारीख लिहून देतो आणि सहाव्या दिवशी तीच गोळी मागायला आलेल्याला डॉक्टरकडे पाठवतो. दोन रुपयांच्या गोळीसाठी कशाला त्रास, असं म्हणून गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. जाऊ दे.

डांबरासारखी काळी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवी एकदम कमी होणं, पायांवर किंवा तोंडावर सूज, छातीत दुखणं, धाप, अंगभर पुरळ, डोळे पिवळे होणं. यांतलं एकही दिसलं तर गोळी तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि कापलेले तुकडे पिशवीत टाकून न्या. "लाल गोळी घेतली होती" एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही.