ऑनलाइन मास्टर्स करायचीये? आधी ती डिग्री कोणाला दाखवायचीये ते ठरवा

ऑनलाइन मास्टर्सबद्दल कोणीही विचारलं की पहिला प्रश्न ठरलेला, "व्हॅलिड आहे ना?" आणि समोरून हो आलं की लोक फी भरून मोकळे. पण डिग्री व्हॅलिड असणं वेगळं आणि ती तुमच्या कामाची असणं वेगळं. पहिली गोष्ट एका संध्याकाळी तपासून होते, दुसरीला डोकं लावावं लागतं आणि तिथेच सगळे कंटाळा करतात.

पहिलं आधी उरकून टाकू. वेबसाइटच्या तळाशी "अ‍ॅक्रेडिटेड" (म्हणजे मान्यताप्राप्त) लिहिलंय आणि शेजारी सोनेरी शिक्का आहे, याची किंमत शून्य. शिक्का कोणीही बनवतं, आणि गंमत म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन देणारी संस्थासुद्धा बोगस असू शकते, तिचीही चकचकीत साइट असते आणि तिच्या यादीत या युनिव्हर्सिटीचं नाव अगदी ठळक दिसतं. म्हणून उलटीकडून जायचं. त्यांनी दिलेल्या लिंकवर क्लिक करायचंच नाही, त्या देशाच्या सरकारी नियामकाची साइट स्वतः शोधून उघडायची आणि तिथल्या यादीत नाव सापडतंय का बघायचं. अमेरिकेसाठी तिथल्या शिक्षण खात्याचा डेटाबेस आहे, इंग्लंडसाठी ऑफिस फॉर स्टुडंट्सचं रजिस्टर, भारतासाठी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोची यादी, आणि भारताच्या बाबतीत तर त्या युनिव्हर्सिटीच्या नेमक्या त्या कोर्सला त्या वर्षी ऑनलाइनची परवानगी आहे का हेही बघावं लागतं, नुसती युनिव्हर्सिटी मान्यताप्राप्त असून भागत नाही. नाव अक्षर न् अक्षर जुळवा, कारण नामांकित युनिव्हर्सिटीच्या नावात एखादा शब्द इकडेतिकडे करून दुकान थाटणारे कमी नाहीत. डोमेनवरून थोडाफार अंदाज येतो, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वेबसाइटच्या पत्त्यात शेवटी येणारं डॉट ईडीयू आता ऊठसूट कोणाला मिळत नाही, पण २००१ मध्ये नियम कडक व्हायच्या आधी ज्यांनी घेतलंय त्यांच्याकडे ते तसंच राहिलंय, त्यामुळे त्यावरच विसंबू नका.

हे सगळं जरा जास्तच वाटत असेल तर २००४ ची एक केस बघा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसने ट्रिनिटी सदर्न युनिव्हर्सिटी नावाच्या एका ऑनलाइन 'युनिव्हर्सिटी'ला जाळ्यात पकडायला कोल्बी नोलन या नावाने अर्ज केला. कोल्बीला एमबीए मिळालं, वर साडेतीनच्या जीपीएची (म्हणजे चारपैकी साडेतीन सरासरी गुणांची) मार्कशीटही मिळाली. कोल्बी म्हणजे घरातलं मांजर होतं. आणि २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं तेव्हा तर शेकडो खोट्या शाळा-युनिव्हर्सिट्यांच्या साइट्स निघाल्या, व्हिडिओमधले प्रोफेसर म्हणजे पैसे देऊन आणलेले नट. त्यामुळे "वेबसाइट तर एकदम प्रोफेशनल वाटली" हा पुरावा नाही.

अजून एक सोपी टेस्ट, नुसता गुणाकार-भागाकार. युरोपात मास्टर्स साधारण ६० ते १२० ईसीटीएस क्रेडिटची (हे तिथलं अभ्यास मोजायचं माप) असते आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात. सगळ्यात छोटी ६० वाली घेतली तरी किमान १५०० तास झाले. आता कोणी म्हणालं "नोकरी सांभाळून ६ महिन्यांत मास्टर्स" तर १५०० भागिले २६ आठवडे करा, आठवड्याला जवळपास ५८ तास येतात, नोकरीचे तास वेगळेच! म्हणजे एक तर शिकवणार काही नाहीत, नाहीतर ती मास्टर्सच नाहीये. ही दुसरी शक्यता जास्त असते बरं का. स्पेनमध्ये एकच युनिव्हर्सिटी सरकारमान्य 'मास्टर ऑफिशियल' पण देते आणि स्वतःच्या अधिकारात 'तितुलो प्रोपिओ' पण देते, जाहिरातीत दोन्ही मास्टर्सच, युनिव्हर्सिटीही खरीखुरी, पण पीएचडीचा दरवाजा सरळसरळ उघडतो तो पहिलीने. 'मायक्रोमास्टर्स' तर सर्टिफिकेट आहे, डिग्री नव्हेच, ते घेऊन काही युनिव्हर्सिट्यांत पुढच्या मास्टर्ससाठी क्रेडिट मिळतात एवढंच. म्हणून विचारताना "मास्टर्स आहे का" असं न विचारता "सर्टिफिकेटवर नेमकं काय छापून येणार, त्याचा नमुना पाठवा" असं विचारा.

आता खरा मुद्दा. ही डिग्री कोणाच्या टेबलावर जाणार आहे?

प्रमोशनसाठी आत्ताच्याच कंपनीत दाखवायची असेल तर काम सोपंय, एचआरला मेल करून विचारा की ही डिग्री चालेल का आणि उत्तर लेखी घ्या, तोंडी "चालेल ना, चालेल" ला अर्थ नाही, उद्या तो माणूस बदलला की संपलं. पीएचडी करायची असेल तर जिथे करायचीये तिथल्या प्रवेशाच्या अटी आधी वाचा, कारण थिसिस नसलेल्या मास्टर्सवर बऱ्याच ठिकाणी गाडी अडते. दुसऱ्या देशात न्यायची असेल तर तिथे त्या डिग्रीचं मूल्यांकन कोण करतं ते बघा, जर्मनीचा अनाबिन डेटाबेस तर घरबसल्या उघडून बघता येतो. आणि शिक्षक, समुपदेशक, नर्सिंग असं लायसन्स लागणारं क्षेत्र असेल तर दुसरं काही बघायच्या आधी लायसन्स देणाऱ्या बोर्डाला विचारा, प्रत्यक्ष कामाचे तास भरायचे असतात तिथे आणि ते कुठे भरायचे, कोण सही करणार, हे कोर्सवाले बऱ्याचदा शेवटपर्यंत गुलदस्त्यात ठेवतात.

नवीन नोकरीसाठी करत असाल तर मात्र लिंक्डइनवर दोन-तीन तास घालवाच. युनिव्हर्सिटी आणि कोर्सचं नाव टाकून जे लोक दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेत ते शोधा, कालपरवा पास झालेले सोडून द्या. मग प्रत्येकाच्या बाबतीत दोनच गोष्टी बघा, कोर्सच्या आधी काय करत होता आणि नंतर काय करतोय. जो आधीच मोठ्या कंपनीत मॅनेजर होता आणि आत्ताही मॅनेजरच आहे त्याला मोजू नका, ब्रोशरमध्ये कंपन्यांचे लोगो येतात ना ते बहुतेक अशांच्याच जिवावर. तुमच्यासारखी सुरुवात असलेला माणूस कुठे पोचला ते बघायचंय. अशा पाच-सहा जणांना मेसेज टाका, कोणी ना कोणी उत्तर देतंच, आणि त्यांना "कोर्स कसा होता" असं मोघम विचारू नका, "तुमची असाइनमेंट कोण तपासायचं आणि त्यावर काय लिहून यायचं" हे विचारा. कोर्स कसा चालतो ते या एका उत्तरात कळतं. रेकॉर्डेड लेक्चर आणि आपोआप तपासली जाणारी क्विझ एवढंच असेल तर तेच शिक्षण फुकटात किंवा फार कमी पैशांत मिळतं, तुम्ही फक्त कागदाचे पैसे देताय. तो कागद उपयोगाचा असेल तर तेही चालेल, पण माहीत असू द्या.

ऑनलाइन म्हणजे हलकं असं मात्र अजिबात नाही. जॉर्जिया टेकची कॉम्प्युटर सायन्सची ऑनलाइन मास्टर्स २०१४ पासून चालू आहे, फी कॅम्पसच्या मानाने फार कमी, डिग्रीवर 'ऑनलाइन' हा शब्द नाही, प्रवेश त्यामानाने सोपा आणि टिकून राहणं अवघड. तिथली बरीच लेक्चर्स कोणालाही फुकट बघता येतात. जी युनिव्हर्सिटी आपलं शिकवणं असं उघड्यावर मांडते तिच्यावर माझा भरवसा जास्त, आणि जिथे फी भरेपर्यंत सिलॅबससुद्धा दाखवत नाहीत तिथे मी तरी पाऊल टाकणार नाही.

फोनवर गोड बोलणारे जे 'अ‍ॅडमिशन काउन्सेलर' असतात त्यातले कितीतरी युनिव्हर्सिटीचे नसतातच, बाहेरच्या मार्केटिंग कंपनीचे असतात आणि अशा कंपनीला बऱ्याचदा तुमच्या फीमधला वाटा मिळतो. यात बेकायदा काही असेलच असं नाही, पण "आज रात्रीपर्यंत सीट ब्लॉक करा, स्कॉलरशिप उद्या संपतेय" हा सल्ला कोणाच्या फायद्याचा ते ओळखा. सरळ विचारा, तुम्ही युनिव्हर्सिटीचे कर्मचारी आहात का? मग युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रार ऑफिसला स्वतः मेल टाका, नंबर-पत्ता नियामकाच्या यादीतून घेऊन: किती जणांनी प्रवेश घेतला त्यातले किती पास झाले, परीक्षा कशी होते, मध्येच सोडलं तर कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतात आणि सर्टिफिकेटवर काय छापतात. आठवडा-दोन आठवडे थांबा, उत्तर लेखी येईपर्यंत एक रुपयाही भरू नका, मग तो काउन्सेलर दिवसातून कितीही वेळा फोन करू दे.